पोरगी बुटकी, मैत्रीण उंच, दोघींचेही फ्री थ्रो चुकतात. अंगकाठीचा दोष की प्रॅक्टिसचा?

शहापूरकर_बाबा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातलं कोण बास्केटबॉल खेळलेलं असेल तर जरा सांगा. माझी पोरगी आठवीत आहे, शाळेच्या टीममध्ये गार्ड (बॉल घेऊन पळणारी) खेळते. अंगानं बुटकी पण काटक, पळायला लागली की कुणाला सापडत नाही, त्यामुळं आत घुसते आणि फाऊल भरपूर मिळतात. पण फाऊलनंतरच्या फ्री थ्रोला, म्हणजे कुणी न अडवता मारायच्या शॉटला, लाईनवर उभी राहिली की सगळं मुसळ केरात. सुरवातीला दोन-तीन बसतात, मॅच रंगली की बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो नायतर रिंगपर्यंत पोचतच नाही.

तिची मैत्रीण टीमची सेंटर (रिंगजवळ खेळणारी), या एका वर्षात ताडमाड वाढली, आईपेक्षा उंच झाली. तिचा बॉल पोचतो पण एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, एकदा थेट बोर्डावर धाडकन. म्हणजे जिला उंची नाही तिचंही बसत नाही आणि जिला आहे तिचंही नाही.

कोणीतरी पोरीला म्हटलं की तुझी उंचीच कमी, जोर कुठनं येणार. ते तिनं मनाला लावून घेतलंय. आता रोज संध्याकाळी जिन्याखालच्या पाईपला लोंबकळते, उंची वाढावी म्हणून. मी बघतो आणि काय बोलावं कळत नाही. तालुक्याच्या मॅच तोंडावर आल्यात, पावसानं उघडीप दिली की ग्राउंडवर घेऊन जातो, सिमेंटचं ओपन कोर्ट आहे, एका रिंगला नेट पण नाही. मला विचारायचंय ते एवढंच की फ्री थ्रोत अंगाचा भाग किती आणि सरावाचा किती, आणि सराव करायचा तर नेमका कसा. मी स्वतः कबड्डीवाला, मला यातलं कळत नाही.

---

खडेबाजार_पॉईंटगार्ड

काका पयलं तिला त्या पाईपवरनं खाली उतरवा 🙏 लोंबकळून हाडं वाढत न्हाईत. आणि तिला मगसी बोग्जचे व्हिडिओ दाखवा. ५ फूट ३ इंच उंची, अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये १४ सीझन खेळलाय, फ्री थ्रो करिअरचा ८२ टक्क्यांच्या वर. उंचीचा काय बी संबंध न्हाई, फ्री थ्रोला कोण अडवायला येत न्हाई, तुम्ही आणि रिंग बास. रोज ५०० मारायचे, महिन्यात फरक दिसतोय का न्हाई बघा.

---

निपाणी_पीटी_सर

मी शाळेत पीटी शिकवतो, मुलींच्या टीम बरीच वर्षं घेऊन फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोग्ज वयानं मोठा माणूस होता, पिळदार अंगाचा. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. या वयात अंगाचा संबंध आहेच, पण तो उंचीचा कमी आणि ताकदीचा जास्त आहे. पहिले दोन-तीन बसतात आणि नंतर बॉल पुढच्या कडेला लागतो असं तुम्ही लिहिलंय ना, तिथंच निदान झालं. नेम चुकत असता तर बॉल आजूबाजूला गेला असता. तिचा सरळ जातोय आणि कमी पडतोय, म्हणजे पाय थकलेत. फ्री थ्रोचा जोर दंडातून येत नाही, पिंढरीतून आणि गुडघ्यातून येतो, हातानं फक्त दिशा द्यायची असते. पोरी दमल्या की गुडघे वाकवायचे विसरतात, ताठ उभं राहून नुसत्या हातानं ढकलतात. पुढच्या मॅचला तुम्ही बॉलकडं बघूच नका, तिच्या गुडघ्याकडं बघा. पहिल्या फ्री थ्रोला किती वाकतोय आणि शेवटच्याला किती, लगेच कळेल.

दुसरं म्हणजे बॉलवर नंबर छापलेला असतो तो बघा. आपल्याकडं ग्राउंडवर पोरांचाच बॉल पोरींच्या हातात देतात, तो ७ नंबरचा. मुलींचा बॉल ६ नंबरचा, वजनाला साधारण अर्धा किलो किंवा किंचित जास्त, ७ नंबरचा जवळजवळ ६०० ग्रॅमचा. ऐकायला थोडा वाटतो फरक, पण त्या वयाच्या मनगटाला तो खूप असतो. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी तर मिनी बास्केटबॉलमध्ये ५ नंबरचा बॉल आणि रिंग २.६ मीटरवर असते, मोठ्यांची ३.०५ मीटरवर. जगात सगळीकडं लहान मुलांना लहान सामान देतात, आपल्याकडं एकदम मोठं दिलं जातं. मग पोरं काय करतात तर जोर पुरावा म्हणून बॉल पोटापासून, कमरेपासून झोका देऊन फेकतात, कोपर बाहेर पसरतं, आणि एकदा ती सवय बसली की ताकद आल्यावरसुद्धा ती जात नाही. माझ्या मते अर्ध्या मुलींचा शॉट इथंच बिघडतो, आणि त्यात त्या मुलींचा काडीचाही दोष नसतो.

५०० मारा म्हणणाऱ्या दादाला एक सांगतो, राग मानू नका. तेरा वर्षांच्या खांद्यानं पहिले पन्नास-साठ चांगले मारले जातील, उरलेल्यात ती थकलेल्या अंगानं वाकडा शॉट पाठ करेल. सराव जे करता ते पक्कं करतो, चांगलं असो की वाईट. त्यापेक्षा रिंगपासून दोन पावलांवर उभं करा, एका हातानं शॉट, दुसरा हात बॉलला नुसता टेकलेला, कोपर रिंगच्या दिशेला, शॉट सुटल्यावर हात वरच ठेवायचा आणि बोटं खाली रिंगकडं वळलेली. तिथं सलग बसायला लागले की एक पाऊल मागे. लाईनवर शेवटी यायचं. झोका द्यायला लागली की परत पुढं बोलवायचं.

---

उद्यमबाग_मेकॅनिकल

मी इंजिनीअरिंगला आहे, रात्री बसून जरा गणित करून बघितलं, हवेचा अडथळा धरला नाहीये.

लाईन बोर्डापासून ४.६ मीटर, रिंगचा मध्य लाईनपासून साधारण ४.२ मीटर. तुमच्या मुलीचा बॉल समजा १.७ मीटर उंचीवरनं सुटतो आणि सात फुटी माणसाचा २.६ मीटरवरनं. रिंगपर्यंत पोचायला कमीत कमी किती वेगानं फेकावं लागेल? मुलीला सेकंदाला साधारण ७.५ मीटर, त्या माणसाला ६.८. म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या आसपास. मला वाटलेलं खूप निघेल. उंचीमुळं वेगात पडणारा फरक एवढाच आहे, बाकी सगळा फरक ताकदीचा, त्यामुळं सरांचं बरोबर आहे.

आता खरी गंमत कोनाची आहे, हे नीट वाचा काका. रिंगचा व्यास ४५ सेंमी, ६ नंबरच्या बॉलचा सुमारे २३. पण बॉल वरनं सरळ खाली येत नाही, तिरका येतो, आणि जेवढा तिरका येईल तेवढी रिंग त्याच्यासाठी अरुंद होते. ३० अंशानं आला तर ४५ ची रिंग साडेबावीसचीच उरते, म्हणजे बॉल कडेला न लागता आत जाऊच शकत नाही. मुलीनं कमीत कमी जोर लावून मारला, ५४ अंशाच्या आसपास, तर तो रिंगमध्ये ३६ अंशानं उतरतो आणि त्याला २६-२७ सेंमीची जागा मिळते. सात फुटी माणसाला तेवढ्याच आरामात मारल्यावर ३० सेंमी मिळते. उंचीचा फायदा म्हणतात तो हा.

पण मुलीनं तोच बॉल ६० अंशानं वर मारला तर जागा ३३ सेंमी होते, आणि त्यासाठी वेग किती वाढवावा लागतो? दोन टक्क्यांपेक्षा कमी! मी तीनदा तपासलं. म्हणजे उंच मारायला जास्त ताकद लागते असं जे पोरांना वाटतं आणि म्हणून ती सपाट फेकतात, ते तसं नाहीच आहे, थोडं वर मारणं जवळजवळ फुकट पडतं. बुटक्या खेळाडूची उंचीची भरपाई इथं होऊ शकते. त्याच्याही वर जाऊ नये कारण मग अंतराचा अंदाज चुकायला लागतो.

यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत सिल्व्हरबर्ग आणि ट्रॅन यांनी कॉम्प्युटरवर असंख्य फ्री थ्रो फिरवून बघितलेत. त्यांचा हिशोब मोठ्या, उंच खेळाडूसाठी होता, कोन ५२ अंश, बॉलला सेकंदाला तीन उलट्या फिरक्या, आणि नेम रिंगच्या मध्यावर न धरता थोडा मागच्या कडेकडं. उलट्या फिरकीमुळं मागच्या कडेला लागलेला बॉल आत पडायची शक्यता वाढते.

पोरीला अंश-बिंश सांगू नका. एवढं सांगा की बॉल रिंगच्या वर निदान दोन-अडीच फूट गेला पाहिजे. समोर कुणाला तरी झाडू उंच धरून उभं करा आणि त्याच्यावरनं मारायला लावा.

---

खानापूरची_सेंटर

दादा, तुझं गणित मस्तच, पण मग त्या उंच मैत्रिणीचं काय? तिच्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहिते. मी स्वतः उंच, कॉलेजला असताना युनिव्हर्सिटीपर्यंत सेंटर खेळले, आणि ताडमाड पोरीचं दुःख मला माहिती आहे. सगळे म्हणतात तुला काय, हात वर केला की रिंग! तसं नसतं हो. एका वर्षात हात-पाय लांब झाले की कालपर्यंत बसलेला अंदाज सगळा जातो. हात लांब म्हणजे कोपर एवढंसं हललं तरी बोटांपाशी ते मोठं होतं. तळहात मोठा म्हणून बॉल तळव्यावर बसतो, बोटांवर येत नाही, मग तो सोडताना एकसारखा सुटत नाही. त्या मुलीचा बॉल डावी-उजवीकडं जातोय तो याच्यामुळं असणार. आणि सेंटरला प्रॅक्टिसमध्ये सगळे रिबाऊंड (आपटून परत आलेला बॉल पकडणं) आणि पोस्टचंच (रिंगजवळचं) काम देतात, शॉट मारायला गार्ड. मग येणार कुठनं?

उंच लोक फ्री थ्रोत कच्चेच असतात हा समज पण मला पटत नाही. शकील ओनील आणि विल्ट चेंबरलेनची नावं सगळे घेतात, दोघेही ७ फूट १ इंच, ओनीलचे करिअरचे ५२.७ टक्के, चेंबरलेनचे ५१.१. पण याओ मिंग ७ फूट ६ इंच होता, त्याचे ८३ टक्के! डर्क नोविट्झ्की ७ फूट, जवळजवळ ८८. बायकांत एलेना डेल डॉन ६ फूट ५ इंच आणि तिचे ९३ टक्क्यांच्या वर, तिच्याएवढं कोणत्या बुटक्या गार्डनं मारून दाखवलंय? मला वाटतं होतं असं की सात फुटी माणूस फ्री थ्रोत कितीही कच्चा असला तरी टीम त्याला रिबाऊंडसाठी, ब्लॉकसाठी (समोरच्याचा शॉट अडवायला) घेतेच. पावणेसहा फुटी माणूस फ्री थ्रोत कच्चा असेल तर त्याला तिथपर्यंत कोणी पोचूच देत नाही. म्हणून टीव्हीवर आपल्याला कच्चे दिसतात ते सगळे उंचच दिसतात. बेळगावच्या शाळांत पण तेच आहे की, उंच पोरगी दिसली की सरळ टीममध्ये, शॉट येतो का कोण विचारत नाही.

आणि सराव काय करू शकतो हे बघायचं तर कार्ल मलोन बघा. पहिल्या सीझनला, १९८५-८६ ला, ४८ टक्के. तिसऱ्या सीझनला ७० टक्के. आडवा-तिडवा, वजनदार माणूस, अंग तेच राहिलं. तो दरवेळी लाईनवर ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचा, बॉल हातात फिरवायचा, सगळं ठरलेलं. म्हणून बाबा, त्या मैत्रिणीलाही तुमच्या पोरीबरोबर ग्राउंडवर घेऊन जा. तिला सांगा बॉल आणि तळवा यांच्यामधून उजेड दिसला पाहिजे. आणि प्लीज तिला कोणी असं म्हणू नका की एवढी उंच असून जमत नाही. त्या वाक्यानं पोरी खेळ सोडतात, माझ्यासमोर सोडलाय.

---

खडेबाजार_पॉईंटगार्ड

ताई मस्त लिवलंय 👏 पण चेंबरलेनचं अर्धंच सांगितलंस. तो माणूस १९६१-६२ च्या सीझनला खालनं, दोन्ही हातांनी, मांड्यांमधनं वर झोका देऊन मारायचा, आणि त्या वर्षी त्याचे ६१ टक्के बसले, त्याच्या करिअरमधलं सगळ्यात भारी. २ मार्च १९६२ ला १०० पॉईंट मारले त्या मॅचला ३२ पैकी २८ फ्री थ्रो! मग सोडून दिलं, का तर लोकांत बायकी दिसतंय म्हणून. त्याच पद्धतीनं मारणाऱ्या रिक बॅरीचे करिअरला ९० टक्के झाले. मग काकांच्या पोरीला, जिला जोर कमी पडतोय, तिला खालनं मारायला लावलं तर? नियमात तर बसतंय.

---

निपाणी_पीटी_सर

नियमात बसतं, आणि दोन्ही हात सारखं काम करतात म्हणून डावं-उजवं चुकत नाही हेही खरं. उंच मैत्रिणीसाठी मी तो विचार नक्की करेन, तिची तयारी असेल तर. पण गार्ड मुलीला तोच शॉट पळता-पळता लांबूनही मारायचा असतो, तिनं एकच हात घडवलेला बरा. तिचा प्रश्न ताकदीचा आहे आणि वर्ष-दोन वर्षांत ताकद येणारच आहे. दोरीवरच्या उड्या, उठाबशा, जिना चढणं, एवढं रोज करू दे.

दमल्यावरच्या फ्री थ्रोचं राहिलंच सांगायचं. मॅचमध्ये कोणी पन्नास सलग मारत नाही, दोन मारतो, तेही धाप लागलेली असताना. म्हणून कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पळायचं, लगेच लाईनवर, दोन मारायचे, परत पळायचं. वहीत लिहायचं किती बसले. दमल्यावरचे वेगळे, न दमता मारलेले वेगळे.

आणि लाईनवरचा क्रम ठरवून घ्या. रेफरीनं बॉल दिल्यावर ५ सेकंदात मारावा लागतो. पाय ठेवणं, बॉलचे तीन टप्पे, एक श्वास, नजर रिंगवर, शॉट. माझ्या काही मुली टप्पे मनात कन्नडमध्ये मोजतात, ओंदु, एरडु, मूरु, काही मराठीत, कशातही चालेल पण रोज तेच. नजरेचं महत्त्व फार आहे. कॅनडाच्या जोन विकर्स या बाईंनी १९९६ मध्ये खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली मोजून दाखवलंय की ज्यांचे जास्त बसतात त्यांची नजर शॉटच्या आधी रिंगवरच्या एका जागी जास्त वेळ स्थिर असते. तुमच्या रिंगला नेट नाही म्हणालात, तर रिंगच्या हुकांपैकी मधल्या हुकावर नजर ठेवायला सांगा.

---

शहापूरकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोण लिहून सांगेल वाटलं नव्हतं. रविवारी ऊन पडलं म्हणून दोघींना घेऊन गेलो, आमच्या गल्लीतले गवंडी मामा पण टेप आणि ओळंबा घेऊन आले. सर तुम्ही बॉलचा नंबर बघायला सांगितलात, तो ७ निघाला. मग मामा म्हणाले आलोय तर सगळंच मोजू. बोर्डाच्या तोंडाला ओळंबा सोडला, खाली जमिनीवर खडूनं खूण केली, तिथनं ४.६० मीटर मोजलं तर रंगानं मारलेली लाईन जवळजवळ एक फूट मागे! रिंगची उंची बरोबर आहे, लाईनच चुकीची. एवढे दिवस पोरगी लांबनं आणि जड बॉलनं मारत होती.

खडूनं नवीन लाईन मारली, ओळखीच्या एका ताईंकडनं ६ नंबरचा बॉल आणला. पहिले चार-पाच रिंगच्या पलीकडं गेले, पोरगी स्वतःच हसायला लागली. मग मामांनी झाडू धरला. मैत्रिणीला उजेडाचं सांगितलं, ती बॉल कानापाशी धरून मला विचारतेय, काका दिसतोय काय उजेड? तिचा बॉल अजून इकडं-तिकडं जातो, पण धाडकन आपटायचं कमी झालंय.

एक विचारायचं राहिलं. शाळेतल्या कोर्टवर सराव होतो तिथली लाईन पण मोजायला पाहिजे काय? आणि दोन जागी दोन अंतरं असली तर पोरीचा गोंधळ होईल काय?

---

उद्यमबाग_मेकॅनिकल

मोजाच काका, नक्की मोजा. फ्री थ्रोच्या बाबतीत संशोधकांना एक विचित्र गोष्ट सापडलीय, २००५ मध्ये कीच, श्मिट वगैरेंनी अनुभवी खेळाडूंना वेगवेगळ्या अंतरावरनं शॉट मारायला लावले. जवळनं जास्त बसतात, लांबनं कमी, हे सरळच आहे, पण बरोबर फ्री थ्रोच्या लाईनवरनं मात्र हिशोबापेक्षा जास्त बसले. त्या एका अंतरावरनं इतके मारलेले असतात की ते अंतर अंगात वेगळंच मुरतं. त्यामुळं चुकीची लाईन असेल तर चुकीचं अंतर मुरणार.

---

निपाणी_पीटी_सर

शाळेतली लाईन चुकलेली असेल तर तिथल्या सरांना टेप घेऊन शांतपणे दाखवा, तक्रारीच्या सुरात नको. रंगवणाऱ्यानं अंदाजानं मारलेली असते, त्यांनाही माहीत नसतं. लगेच रंग मिळाला नाही तर चिकटपट्टी लावून घ्या, पावसात खडू टिकणार नाही. आणि मॅचच्या दिवशी वॉर्मअपला दोघींनाही दोन्ही बाजूंच्या लाईनवरनं मारून बघू दे, तालुक्याच्या ग्राउंडवर दोन टोकांना दोन तऱ्हा असतात.

---

खानापूरची_सेंटर

आणि बाबा, मॅचला येताना ६ नंबरचा बॉल सोबत आणा, वॉर्मअपला हातात जो येईल तो घेऊ नका. आमच्याकडं पाऊस अजून चालूच आहे, बॉल ओला झाला की निसटतो, एक जुना सुती पंचा पिशवीत टाका. दोघींचं काय झालं ते इथं लिहा, उंचवालीचं आधी.